बेंजामिनची सळई आणि डेबोराच्या घंटा

मैत्रिणींनो, फ्रिजच्या दाराला हात लावला की बोटांना बारीक मुंग्या येतात, असं तुमच्याकडे होतं का? आमच्याकडे सात-आठ वर्षं होत होतं. आम्ही बायकांनी त्यावर आपापले उपायही शोधून ठेवले होते. मिक्सर लावायचा तर पायात स्लिपर घालायची. वॉशिंग मशीनमधून कपडे काढायचे तर आधी पाट सरकवायचा आणि त्यावर उभं राहायचं. ओल्या हातानं मशीनला शिवायचं नाही, हे तर सासूबाईंनी माझ्या धाकट्या जावेला ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात शिकवलं. पुरुष मंडळींना सांगितलं की ते येऊन हात लावून बघायचे. बाहेरून आलेले, पायात चप्पल, हात कोरडे. त्यांना काही लागायचं नाही. मग आम्हाला भास होतात असं ठरायचं आणि विषय संपायचा.

आमचं घर शहापूर तालुक्यात, तानसा धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला. सागाचे खांब, वर माळा, त्यावर कौलं. आजेसासऱ्यांनी बांधलं तेव्हा गावात वीज नव्हती. नंतर आली ती लाकडी पट्ट्यांवरून, काळ्या गोल बटणांची. पुढे पंखा, टीव्ही, फ्रिज, मिक्सर, मशीन असं एकेक घरात येत गेलं. वायरी मात्र त्याच राहिल्या. थ्री पिनचा प्लग जुन्या बोर्डात बसेना की त्याची वरची जाड पिन कापून टाकायची, हाही आमच्याकडचा जुना रिवाज. (ती पिन मुद्दाम लांब आणि जाड केलेली असते, आत जाताना आधी टेकावी आणि बाहेर येताना शेवटी सुटावी म्हणून. हे मला पन्नाशीत कळलं.)

गेल्या मे महिन्याच्या शेवटी एका संध्याकाळी वळीव आला. माहुलीच्या बाजूनं आभाळ शाईसारखं झालं आणि बघता बघता परसातल्या ताडावर वीज पडली. आवाज असा, की कौलांतली धूळ ताटात आली. टीव्ही गेला, सेट-टॉप बॉक्स गेला, पंख्याचा रेग्युलेटर गेला. सासूबाई त्या वेळी फ्रिजमधून दूध काढत होत्या. पाय अनवाणी, हात दाराच्या लोखंडी दांड्यावर. कोपरापर्यंत झणका आला आणि त्या मटकन खाली बसल्या. वाचल्या. दोन दिवस उजव्या हातानं घास उचलवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्यानं मीटरच्या बोर्डापासून निघालेली एक उघडी, गंजलेली तार शोधून काढली. भिंतीवरून उतरत ती मोरीमागे गेली होती आणि तिथं नळाच्या पाइपला चांगले चार वेढे घालून बांधलेली होती. हे आमचं अर्थिंग! पूर्वी तो पाइप लोखंडी होता, जमिनीतून विहिरीपर्यंत गेलेला. मग कधीतरी नळाची लाइन बदलली आणि प्लास्टिकचा पाइप आला. ज्यानं तो बदलला त्यानं तार नीट सोडवली आणि तितक्याच नीटपणे प्लास्टिकला बांधून ठेवली. वायरमन हसला. मला काही हसू आलं नाही. म्हणजे आमच्या मुंग्या खऱ्या होत्या तर.

त्यानंच समजावलं, की अर्थिंग वेगळं आणि विजेपासूनचं संरक्षण वेगळं. अर्थिंग हे घरातल्या विजेसाठी. फ्रिजच्या आत वायर उघडी पडून पत्र्याला टेकली, तर तो करंट आपल्या अंगातून न जाता तारेनं जमिनीत जावा म्हणून. आकाशातली वीज हा फारच मोठा प्रकार. गिझर दहा-बारा अँपिअर घेतो, आकाशातला एक लोळ साधारण तीस हजारांचा असतो. त्याच्यासाठी छपरावर सळई आणि तिथून खाली आलेली स्वतंत्र, जाड पट्टी लागते. पण दोघांचंही शेवटचं ठिकाण एकच, जमीन.

लेकीच्या विज्ञानाच्या पुस्तकात या सळईला तडितरक्षक म्हटलंय आणि ती शोधणाऱ्याचं नाव बेंजामिन फ्रँकलिन. पतंग उडवणारा तोच. शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेला. पण या वेळी मला त्याच्या घरात कोण राहत होतं, तेही बघायचं होतं. वाचनालयातून पुस्तक आणलं, मिळेल ते वाचलं आणि महिनाभर भाजी निवडता निवडता हाच माणूस डोक्यात होता.

बेंजामिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ चा, बोस्टनचा. तेव्हा अमेरिका हा देश नव्हता, तिथं इंग्रजांच्या वसाहती होत्या. वडील साबण आणि मेणबत्त्या बनवायचे. दोन लग्नांची मिळून सतरा मुलं, त्यांत हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षं. दहाव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली आणि बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार. भाऊ वर्तमानपत्र काढायचा, पण धाकट्याचं लिखाण तो कशाला छापतोय? सोळा वर्षांच्या बेंजामिननं मग एका विधवा बाईचं नाव घेतलं, सायलेन्स डूगुड. त्या नावानं पत्रं लिहायची आणि रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवायची. १७२२ साली अशी चौदा पत्रं छापून आली. मिसरूड न फुटलेला पोरगा, बाई होऊन लिहितो आणि मुलींना शिकवायला हवं म्हणून भांडतो! मला तो इथंच आवडायला लागला.

भावाशी पटेना, म्हणून सतराव्या वर्षी तो पळून फिलाडेल्फियाला गेला. दोन पाव काखेत, तिसरा खात खात रस्त्यानं चालला होता. दारात उभी असलेली एक मुलगी त्याचा अवतार पाहून हसली. तिचं नाव डेबोरा रीड. पुढे तो तिच्याच घरी भाड्यानं राहिला, लग्नाची बोलणीही झाली, पण तिच्या आईनं थांबायला सांगितलं. बेंजामिन छपाईचं सामान आणायला लंडनला गेला आणि तिकडेच रमला. तिला एक पत्र टाकलं, तेही परतण्याचा काही नेम नाही असं सांगणारं. इकडे तिचं लग्न रॉजर्स नावाच्या कुंभारकाम करणाऱ्या माणसाशी लागलं. त्याची आधीची एक बायको आहे असं कानावर आलं. शेवटी तो कर्ज करून वेस्ट इंडीजला पळाला. तिकडे मेला म्हणे, पण पुरावा नाही. डेबोरा ना धड सवाष्ण, ना धड विधवा. बेंजामिन परत आल्यावर १ सप्टेंबर १७३० पासून दोघं नवरा-बायको म्हणून एकत्र राहू लागली. रीतसर लग्न लावता येत नव्हतं. बेंजामिनला दुसऱ्या बाईपासून झालेला मुलगा विल्यम, तोही डेबोरानंच वाढवला.

छापखाना बेंजामिनचा, पण दुकान तिचं. पुस्तकांची पानं दुमडायची, ती शिवायची, गिऱ्हाईक बघायचं, हिशेब लिहायचा. तेव्हा कागद चिंध्यांपासून बनायचा, तर गावभरच्या जुन्या चिंध्या विकत घ्यायचं कामही तीच करायची. तिचं लिखाण अशुद्ध होतं असं चरित्रकार आवर्जून सांगतात. असेल. हिशेब मात्र चोख होता.

१७३२ साली दोन गोष्टी घडल्या. फ्रान्सिस नावाचा मुलगा झाला, आणि बेंजामिननं गरीब रिचर्ड या नावानं एक वार्षिक पंचांग काढलं. तिथी-वार, चंद्र-सूर्य, हवामान, मध्ये मध्ये चुटके. आपल्याकडे कालनिर्णय जसं खिळ्याला टांगलेलं असतं, तसं ते घरोघरी होतं, आणि ते त्यानं पंचवीस वर्षं चालवलं. फ्रान्सिस मात्र चारच वर्षांचा झाला. १७३६ साली देवी आल्या आणि तो गेला. त्याला टोचून घ्यायचं राहून गेलं होतं. टोचण्याला विरोध म्हणून नाही, पोराची तब्येत नरम होती म्हणून. पण ती बोच बेंजामिनला शेवटपर्यंत राहिली. पुढे १७४३ साली मुलगी झाली, सारा.

छापखान्यानं पैसा दिला. १७४८ साली, बेचाळिसाव्या वर्षी, त्यानं धंदा भागीदाराच्या हाती सोपवला आणि विजेच्या मागे लागला. लंडनहून एका स्नेह्यानं काचेची नळी पाठवली होती. ती लोकरीनं किंवा रेशमानं घासायची आणि ठिणग्या काढायच्या, हा त्या काळचा दिवाणखान्यातला खेळ होता. बेंजामिननं खेळाचं शास्त्र केलं. विजेचे अधिक आणि उणे हे शब्द त्याचेच. १७५० च्या नाताळात विजेच्या झटक्यानं टर्की कोंबडा मारून दाखवायला गेला आणि सगळा झटका स्वतःलाच बसला. काही क्षण भान गेलं, दुसऱ्या दिवशीपर्यंत हात बधिर होते, छातीही दुखत होती. पाहुण्यांसमोर फजिती झाली ती वेगळीच. करंट लागणं म्हणजे काय हे त्याला ऐकीव नव्हतं, एवढं मला बरं वाटलं.

टोकदार सुई विद्युतभार गुपचूप ओढून घेते, हे त्याच्या लक्षात आलं. मग ढगातली वीज आणि नळीतली ठिणगी एकच असेल, तर उंच टोकदार सळईनं तीही खाली आणता येईल. प्रयोग कसा करायचा हे त्यानं लिहून पाठवलं, आणि १० मे १७५२ रोजी तो फ्रान्समध्ये मार्ली नावाच्या खेड्यात आधी झाला. चाळीस फुटांची लोखंडी सळई उभी केलेली, ढग आले तेव्हा शास्त्रज्ञ महाशय पॅरिसला. राखणीला ठेवलेल्या म्हाताऱ्या सैनिकानं ठिणग्या काढल्या आणि गावच्या पाद्रीबुवांना बोलावणं पाठवलं. ते पावसात धावत आले.

ही बातमी समुद्रापार पोचायच्या आत, त्याच जूनमध्ये, बेंजामिननं पतंग उडवला. रेशमी रुमालाचा पतंग, तागाची दोरी, टोकाला किल्ली आणि हातात धरायला कोरडी रेशमी फीत. सोबत विल्यम. चित्रांमध्ये विल्यम सात-आठ वर्षांचा दाखवतात, खरं तर तो विशीतला जवान होता. आणि पतंगावर वीज पडलीच नव्हती! पडली असती तर बापलेक दोघंही तिथंच संपले असते. ढगाखालच्या हवेतला विद्युतभार दोरीवर उतरला, दोरीचे धागे ताठ उभे राहिले, किल्लीला बोट नेलं तशी ठिणगी निघाली, इतकंच. आपल्या मुलांना पतंगाची गोष्ट सांगाल तेव्हा हे नक्की सांगा. पोरं काय करतील नेम नसतो.

पुढच्या वर्षी काय झालं ते शाळेत शिकवत नाहीत. रशियात सेंट पीटर्सबर्गला रिचमन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनीही छपरावर सळई लावली आणि तिची तार घरात खोलीत आणली. वीज मोजायची होती, म्हणून ती तार जमिनीत नेली नाही, तशीच अधांतरी ठेवली. ऑगस्ट १७५३ मध्ये वादळ आलं तसे ते मोजायला घाईघाईनं घरी आले. तारेजवळ वाकले आणि विजेचा गोळा थेट कपाळावर. जागच्या जागी गेले. सोबतचा चित्रकार बेशुद्ध पडला, पण वाचला.

हे वाचलं त्या रात्री मी उठून मोरीमागे बॅटरी घेऊन गेले. ती तार तिथंच लोंबत होती.

बेंजामिननं मात्र पहिल्यापासून खालच्या टोकाची काळजी घेतली होती. १७५३ च्या पंचांगात त्यानं लोकांसाठी कृती छापली. अगदी आपल्या पाककृतीसारखी. खिळे करणारे लोहार वापरतात तसली लोखंडी सळई घ्या. वरचं टोक घराच्या सगळ्यात उंच भागापेक्षा सहा ते आठ फूट वर जाऊ द्या. त्याला विणकामाच्या सुईएवढी जाड, फूटभर पितळी तार टोकदार करून बांधा. आणि खालचं टोक तीन-चार फूट ओल्या जमिनीत पुरा. या शोधाचं त्यानं पेटंट घेतलं नाही, कुणाकडून पैसा घेतला नाही.

ओल्या जमिनीत! तो शब्द वाचून मी थांबले. आमच्या शहापूर-मुरबाडकडे मे महिन्यात ओली जमीन कुठं शोधायची? धरण उशाला, कोरड घशाला, ही म्हण आम्हाला कुणी शिकवावी लागत नाही. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय आणि आमच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बाया हंडे घेऊन कोसभर चालतात. वर चार बोटं माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. कोरडा मुरूम आणि कातळ वीज लवकर आत घेत नाहीत. म्हणजे बघा, आगोटीला जेव्हा वळवाच्या विजा कडाडतात, नेमकी तेव्हाच जमीन वर्षातली सगळ्यात कोरडी आणि अर्थिंग सगळ्यात कमजोर. परतीच्या पावसात, हस्तात, विजा तेवढ्याच असतात, पण जमीन तरी भिजलेली असते. माझं माहेर मुरबाडचं. तिथं वीज चमकली की आजी विळा अंगणात फेकायची आणि अर्जुनाची दहा नावं घ्यायची. पायाळू माणसाला तर घराबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावं, हे काही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

अमेरिकेतही लोक काही वेगळे नव्हते. १७५५ साली बोस्टनला भूकंप झाला, तर तिथल्या एका धर्मोपदेशकानं दोष या सळयांवर टाकला. सळयांनी आकाशातली वीज जमिनीत भरली, म्हणून जमीन हलली! युरोपात वादळ आलं की चर्चची घंटा वाजवायची पद्धत होती. सगळ्यात उंच मनोरा, ओला दोर, आणि दोर धरून उभा माणूस. किती घंटावाले त्यात गेले.

घंटेवरून आता डेबोराच्या जिन्याकडे येऊ. मला सगळ्यात जवळची वाटली ती ही गोष्ट.

सप्टेंबर १७५२ मध्ये बेंजामिननं स्वतःच्या घरावर सळई बसवली. धुराड्यातून नऊ फूट वर. तिची तार छपरातून, काचेच्या नळीतून आत घेतली, जिन्याच्या पोकळीतून खाली आणली आणि विहिरीच्या पंपाच्या लोखंडी दांड्याला जोडली. आमच्या आजेसासऱ्यांच्या काळातली अक्कल आणि ही अक्कल एकच, विहीर गाठायची. पण बेंजामिनला प्रयोगही करायचे होते. म्हणून झोपायच्या खोलीसमोर, जिन्यात, त्यानं ती तार मध्येच तोडली. दोन टोकांमध्ये सहा इंचांचं अंतर ठेवलं, प्रत्येक टोकाला एक छोटी घंटा आणि मध्ये रेशमी दोऱ्यावर पितळेची गोळी. ढगात वीज भरली की ती गोळी एका घंटेवरून दुसरीवर आपटायची. टण टण टण. एका रात्री तर घंटांमधून बोटाएवढा जाड पांढरा झोत वाहत होता आणि जिना इतका उजळला, की खाली पडलेली टाचणी सापडावी.

घरात मुलीला घेऊन राहणारी बाई डेबोरा. १७५७ साली बेंजामिन वसाहतीच्या कामासाठी लंडनला गेला. तिला समुद्राची भीती, ती गेली नाही. ढग आले की रात्री-अपरात्री जिन्यात घंटा वाजायच्या. १७५८ साली नवऱ्यानं लंडनहून पत्रातून उपाय कळवला. घंटांची भीती वाटत असेल, तर एका घंटेपासून दुसरीपर्यंत तारेचा तुकडा बांध, म्हणजे वीज आवाज न करता निघून जाईल. पण घंटा वाजू दिल्या तर बरं, असंही त्याचं मत. म्हणजे वीज केव्हा आली ते कळेल आणि भीती वाटली तर लांब राहता येईल.

मी हा मजकूर दोन-तीनदा वाचला. आज कुठल्याही वायरमनला विचारा. खाली जाणारी तार मध्येच तोडून सहा इंच मोकळं ठेवायचं, तेही घरात, झोपायच्या खोलीसमोर, हे चूक आहे. रिचमन अशाच तुटलेल्या वाटेपाशी गेले. तुकडा बांधून तार सलग करायची, हेच बरोबर. आजकाल तर ही पट्टी घरात घेतच नाहीत, बाहेरच्या भिंतीवरून सरळ खाली नेतात. जगातला तेव्हाचा विजेचा सगळ्यात मोठा जाणकार एका बाजूला आणि त्या जिन्यातून रोज ये-जा करणारी बाई दुसऱ्या बाजूला. तिची भीती बरोबर होती.

बेंजामिनच्या बाजूनंही एक सांगायला हवं. आधी कळणं महत्त्वाचं, हे त्याचं म्हणणं काही खोटं नाही. माझ्या मोबाइलवर आता दामिनी अ‍ॅप आहे, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं. आसपास वीस-चाळीस किलोमीटरमध्ये विजा होत असतील तर ते दाखवतं. ते बघितलं की आम्ही टीव्ही-फ्रिजच्या पिना काढतो, शेतावरच्या माणसांना फोन करतो. छपरावर सळई असली तरी खांबावरच्या तारेतून झटका घरात येतोच, म्हणून पिना काढायच्या. आणि सळई नुसती आहे म्हणून ताडाखाली, आंब्याखाली उभं राहायचं नाही.

डेबोरा घाबरट होती असं मात्र कुणी समजू नये. १७६५ साली इंग्रजांनी कागदांवर स्टँप कर लावला. बेंजामिननंच तो आणला अशी हूल उठली आणि जमाव घर जाळायला निघाला. तो तेव्हा परत लंडनलाच होता. शेजारपाजारचे म्हणाले, निघून जा. तिनं मुलीला दुसरीकडे पाठवलं, भाऊबंदांना बोलावलं, बंदुका भरून वरच्या खोलीत ठेवल्या आणि घर सोडलं नाही. ते नवं घरही तिनंच उभं करवून घेतलं होतं, खोल्या, पडदे, सामान यांची बित्तंबातमी पत्रांतून कळवत. पुढे तिला पक्षाघाताचा झटका आला. तो येईल येईल म्हणत राहिली. १९ डिसेंबर १७७४ ला ती गेली, तेव्हाही बेंजामिन लंडनलाच होता. शेवटची दहा वर्षं दोघांची भेट नाही. मोठी माणसं घरच्यांना किती पुरतात, हा प्रश्न मला नेहमीच पडतो. इथंही पडला.

त्याचं पुढचं आयुष्य पुस्तकांत आहेच. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही, फ्रान्समध्ये वकिली, १७८३ चा तह, १७८७ ची राज्यघटना. घरात गुलाम बाळगणारा हा माणूस म्हातारपणी गुलामगिरी बंद करणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला, हेही त्यातच. पतंगाच्या वेळी सोबत असलेला विल्यम मात्र इंग्रजांच्या बाजूला राहिला, न्यू जर्सीचा गव्हर्नर होता. बापानं त्याला मनापासून कधीच माफ केलं नाही, मृत्युपत्रातही जवळजवळ काही ठेवलं नाही.

एक छोटी गोष्ट राहिली. १७८५ साली फ्रान्सहून परतल्यावर बेंजामिननं घराची वाढ करायला घेतली. तेव्हा छपरावरची सळई बघितली, तर वरचं नऊ इंचांचं तांब्याचं टोक जवळजवळ सगळं वितळून गेलेलं. तो परदेशात असताना केव्हातरी घरावर वीज पडून गेली होती. घराला धक्का लागलेला नव्हता. ८४ वर्षांचा होऊन १७ एप्रिल १७९० ला तो त्याच घरी गेला आणि डेबोराच्या शेजारी त्याला पुरलं.

आमच्या घराचं सांगायचं तर, दिवाळीनंतर माझ्या भिशीचा नंबर लागला. नव्या वायरी झाल्या. ईएलसीबी बसला. आत गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बंद करतो. प्लगच्या पिना कापणं बंद झालं. अर्थिंगच्या खड्ड्यासाठी आधी अंगणात पहार मारली, चार फुटांवर कातळ लागला. मग सासूबाईंनीच जागा दाखवली, मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या केळीजवळ. तिथली माती मे महिन्यातही ओली असते. आठ फूट खड्डा, भोकं पाडलेला लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर झाकण. सळईची पट्टी घराबाहेरून उतरवून दुसऱ्या खड्ड्यात नेली आणि दोन्ही खड्डे जमिनीखालून एकमेकांना जोडले.

आता उन्हाळ्यात भांडी विसळलेलं पाणी सासूबाई बादलीत धरून ठेवतात आणि संध्याकाळी झाकण उघडून त्या पाइपात ओततात. उरलेलं केळीला. फ्रिज उघडताना त्यांच्या पायात अजूनही स्लिपर असते. मी काही बोलत नाही.